सायकलची पैज आणि एक न सांगितलेलं नाव

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "रोज तुमच्या जवळ कोण कोण असतं? घरचं, बाहेरचं, सगळ्यांची नावं सांगा." मी बायकोचं नाव सांगितलं. दोन्ही मुलींची सांगितली. एक नाव सांगितलं नाही. हे मी आजपर्यंत कोणाजवळ बोललेलो नाही. माझी बायको कमल, तिच्याजवळसुद्धा नाही. हे लिहितोय तेव्हा ती शेजारच्या खोलीत ज्वारी निवडतेय.

मला क्षय झाला होता. आता बरा आहे. हा आजार ज्यांना नुकताच कळला त्यांना धीर येईल असं काही लिहा, असं मला दवाखान्यातून निघताना सांगण्यात आलं होतं. धीराचं थोडं माझ्याकडे आहे, तेही सांगेन. पण सायकलपासून सुरुवात करावी लागेल. ते सोडून सांगितलं तर सगळं खोटं होईल.

* * *

दुष्काळ नुकताच सरला होता आणि पेट्रोल-डिझेल एकाएकी महागलं होतं. आमच्या गावावरून मंठ्याला जाणारी सकाळची एस.टी. कधी यायची, कधी यायचीच नाही. मी मंठ्याच्या पोस्टात कारकून. उत्तमरावांचं मंठ्यातच खत-बियाणांचं दुकान. दोघं एकाच गावचे, दोघांनी चाळिशी ओलांडलेली. एक दिवस फाट्यावर आम्ही सात-आठ जण बसची वाट बघून कंटाळलो होतो, तेव्हा उत्तमरावच म्हणाले, "पोरं होतो तव्हा कशावर जात होतो आपण? सायकली काय मरून गेल्या का?"

तलाठी म्हणाले, "सायकली हायेत. आपण मरून राह्यलो."

त्यातून पैज निघाली. पुढचे दोन बाजार होईपर्यंत कोणी बसमध्ये बसायचं नाही, बैलगाडीत नाही, कोणाच्या फटफटीवर नाही. कामाला, बाजाराला, सोयऱ्याकडे, जायचं ते सायकलवर. एकटं नाही, जोडीनं. जोडीतले दोघं बराबर पोचले तरच धरायचं. जो मोडेल त्यानं सगळ्यांना जिलबी द्यायची. उत्तमरावांनी तिथंच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझी जोडी किसनरावांसंगं."

तलाठ्यांची सायकल तुळईला टांगलेली होती, ती खाली काढली तर टायर हातात आले. शिंप्याचं धोतर पहिल्याच दिवशी चेनीत गेलं. सगळे हसले तर तो म्हणाला, "हसा. शिवायचा खर्चा मला न्हाई. तुमचं फाटलं की मंग मी हसतो." दुसऱ्या दिवशी पोस्टात मी शिक्के उभ्यानंच मारले, बसवत नव्हतं.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगानं जुनं काही ओळखलं. उतारावर पायडल थांबवलं आणि मागच्या चाकाची टिकटिक ऐकू यायला लागली. ती मी वीस वर्षं ऐकली नव्हती. हुरड्याचे दिवस होते, ज्वारीचा वास रस्त्यावर येत होता. कपाशी वेचणाऱ्या बाया मान वर करून बघायच्या. एक म्हातारी शेताच्या धुऱ्यावरून म्हणाली, "कशाची शर्यत लागली रं म्हाताऱ्यांची?" उत्तमरावांनी घंटी वाजवली. "बायकोपासून कोण लांब पळतो त्याची, आजी."

बसमध्ये आम्ही दोघं शेजारी बसून वर्षानुवर्षं गप्प जात होतो. सायकलवर बोलायला लागलो. हँडलला हँडल लावून, तोंडाजवळ तोंड आणून, कारण वारा शब्द घेऊन जायचा.

* * *

माझे वडील मंठ्याच्या बाजाराला यायचे तेव्हा हॉटेलच्या मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात एक कप ठेवलेला असायचा. त्यात चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की वडील तो स्वतः धुवायचे आणि परत कोनाड्यात ठेवायचे. पुढं आम्ही बौद्ध झालो, मी शिकलो, पोस्टात लागलो. तो कप कधी गेला कोणी सांगितलं नाही. मी मात्र हॉटेलात पाणी मागताना आवाज खालीच घ्यायचो.

उत्तमराव गावातल्या जुन्या जमीनवाल्या घरातले. पैजेच्या पहिल्या दिवशी आम्ही घामानं भिजून त्याच हॉटेलात टेकलो. मालकानं पाण्याचा एक गिलास ठेवला आणि दुसरा आणायला गेला. उत्तमरावांनी गिलास माझ्याकडे सरकवला. "आधी तुम्ही." मी अर्धा प्यालो. उरलेलं अर्धं ते तोच गिलास तोंडाला लावून प्याले. वरून नाही, तोंडाला लावून. समोरच्या बाकावर त्यांचे चुलतभाऊ बसलेले.

त्यातला एक म्हणाला, "उत्तम, दुसरा गिलास येऊन राह्यला होता ना."

"का? ह्याला भोक पडलं का?"

 त्या दिवसापासून आमचा तोच रिवाज झाला. मंठ्यात पोचलं की एक गिलास, आधी मी, मग ते. बघून बघून बाकीच्या जोड्याही तसंच करायला लागल्या. मला त्या गिलासाचं काय वाटत होतं ते मला नीट सांगता येणार नाही. वडील असते तर त्यांना हॉटेलात आणून बसवलं असतं, एवढंच सांगतो.

* * *

खोकला मला दिवाळीपासून होता. धुळीचा म्हणत होतो. पैजेतला पहिला बाजार झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळी चढावर मला उबळ आली म्हणून मी सायकल टेकवून बाभळीमागं गेलो. थुंकलो तर लाल. मी पान खात नाही. माझी आत्या अशीच गेली होती, मी लहानपणी बघितलं होतं. मला पुढं कधीतरी कळलं असं नाही. तिथंच, बाभळीमागं कळलं.

रस्त्यावरून उत्तमराव म्हणाले, "पंचर झालं का काय?"

"न्हाई. दम लागला."

"मंग बसा सायकलवर. मी ढकलतो."

एका हातानं स्वतःचं हँडल धरून त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या पाठीवर ठेवला आणि चढ संपेपर्यंत मला रेटत नेलं. त्यांचं डोकं माझ्या खांद्याशी होतं. मी खोकत होतो. तोंड फिरवायचं मला सुचलं होतं, पण तोल जाईल म्हणून फिरवलं नाही.

हॉटेलात गिलास आला. मी म्हणालो, "आज तहान न्हाई."

उत्तमराव हसले. "काय किसनराव, आता आमच्या हातचं पाणी तुम्हाला चालत न्हाई का?"

हॉटेल हसलं. चुलतभाऊ हसले नाहीत, ते बघत होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं, की मला बरं नाही, माझं उष्टं पिऊ नका. पण ते वाक्य त्या बाकांवर कसं ऐकू गेलं असतं हे मला माहीत होतं. आजाराचं नाव कोणी घेतलं नसतं. उत्तमला काय झालं, तर ह्यांच्यासंगं पाणी प्याला, एवढंच गावभर गेलं असतं. ज्या गिलासासाठी त्यांनी घरच्यांची नजर अंगावर घेतली तो गिलास मीच उपडा केला असता.

मी अर्धा प्यालो आणि सरकवला.

हे मी मानासाठी केलं की भिऊन केलं, मला अजून ठरवता येत नाही. रोज केलं, पैज संपेपर्यंत. आम्ही जिंकलो. मोडली ती तलाठ्यांनी, साहेबाची जीप आली म्हणून. त्यांची जिलबी आम्ही सगळ्यांनी एका कागदावर खाल्ली.

* * *

पैजेनंतर मी उत्तमरावांना म्हणालो की मेहुण्याकडे जुन्या जालन्याला चाललो, चार दिवस. कमलला घेऊन दवाखान्यात गेलो. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला, आणि मला माझ्या आतलं दिसलं, एका बाजूला ढग आल्यासारखं. कमलनं डबा मांडीवर घट्ट धरला होता.

तिनं विचारलं, "माणूस राहतो का ह्यातून?"

"राहतो. औषध मधेच सोडतो तो जातो," डॉक्टर म्हणाले. "सोडायचं नाही. बरं वाटलं तरी नाही."

हेच ते धीराचं, जे मी सांगणार होतो. ते खरं आहे, माझ्यापुरतं तरी खरं ठरलं.

मग त्यांनी नावं विचारली. ज्यांची नावं देईन त्यांच्या घरी माणूस जाईल, त्यांना फोटोला बोलावतील. मला दिसलं, की तो माणूस उत्तमरावांच्या ओट्यावर उभा आहे, आतून त्यांची आई ऐकतेय, चुलतभाऊ जमलेत. आणि उत्तमराव विचारतायत, किसनरावांना कधीपासून माहीत होतं? ह्या प्रश्नाची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"अजून कोणी?" डॉक्टर म्हणाले.

"न्हाई," मी म्हणालो.

कमल पदरानं डोळे पुसत होती. तिला वाटलं मी घाबरून विसरलो. बाहेर आल्यावर म्हणाली, "उत्तमभाऊजी?"

मी म्हणालो, "सांगितलं. तू रडत होतीस, तुझं ध्यान नव्हतं."

* * *

काही आठवडे मी वॉर्डात होतो. सकाळी इंजेक्शन, एक दिवस ह्या बाजूला, एक दिवस त्या बाजूला. शेवटी बसायला जागा राहिली नाही, आणि मला सायकलची आठवण आली. इंजेक्शननं कानात सारखं गुणगुणायचं. मोठाल्या गोळ्या गिळताना पोट फिरायचं. थुंकायला झाकणाचं भांडं, ते ज्याचं त्यानं सांभाळायचं. भेटायला येणारे दारातच उभे राहायचे आणि बोलता बोलता पदर-रुमाल तोंडाशी न्यायचे. ते चुकत नव्हते. तरी वाईट वाटायचं.

शेजारच्या खाटेवर गफूरभाई होते. जुन्या जालन्यात गाद्या पिंजायचे. कापसानंच झालं असं ते धरून बसले होते. त्यांनी डॉक्टरांना नावं सांगितली ती पाच मिनिटं सांगत होते, सासऱ्यापासून हमालापर्यंत. मग एकेक जण फोटोला आला आणि व्हरांड्यात त्यांना शिव्या देऊन गेला. सासरा म्हणाला, "मेरी बेटी ली, अब मेरा फेफडा बी देखता." गफूरभाई खाटेवर पडून हसायचे. त्यांच्या धाकट्या भावाच्या फोटोत बारीकसा डाग निघाला. अगदी सुरुवात. तो गोळ्यांची पुडी घेऊन शिट्टी वाजवत घरी गेला.

गफूरभाई म्हणाले, "देखा किसनभाई? गाली खायी, पर भाई बच गया."

मी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांची फेरी रोज व्हायची. रोज ते माझ्या खाटेशी थांबायचे. रोज मी ठरवायचो. "कसं आहे?" ते विचारायचे, आणि मी म्हणायचो, "बराबर हाय."

एकदा मी त्यांना विचारलं, एका गिलासानं होतो का हा आजार? ते म्हणाले, गिलासानं फारसं नाही. खोकल्यानं होतो, जवळून खोकल्यानं. मी त्यांचे आभार मानले. मी गिलासाचीच भीती बाळगत होतो आणि चढ माझ्या ध्यानातच नव्हता.

त्या दिवसांत चांगलंही होतं. भूक परत आली तो दिवस. कमलनं आणलेल्या भाकरीचा पापुद्रा. नावानं हाक मारणारी एक नर्स. ज्यांच्या वाट्याला हे नवीन आलं असेल त्यांनी ह्या गोष्टी नजरेतून सुटू देऊ नयेत.

* * *

पुढचे काही महिने मी मेहुण्याकडे राहून रोज इंजेक्शनला जायचो. मेहुण्याच्या बायकोनं माझी कप-बशी खिडकीत वेगळी ठेवली. वाईट मनानं नाही, चार लोक सांगतात म्हणून. कमल आली, तिनं खिडकी बघितली, कप उचलला, उकळत्या पाण्यानं धुतला आणि बाकीच्या कपांत नेऊन ठेवला.

"वैनी, डॉक्टरला विचारून आले मी. आता त्यांच्या थुंकीत काई न्हाई. माझ्या सासऱ्यानं जिंदगीभर येगळा कप धुतला. ह्या घरात पुन्हा न्हाई."

मेहुण्याची बायको पाणी भरायला निघून गेली. मग कमल माझ्याजवळ बसली. "उत्तमभाऊजी घरी आल्ते, तुमची खबर घ्यायला. मी टायफाईड म्हणून सांगितलं, जसं तुम्ही म्हणाले तसं. त्यांना बी खोकला येऊन राह्यला."

मी म्हणालो, "धुळीचा असंल. दुकानात खताची धूळ असती."

ती म्हणाली, "दवाखान्याचा माणूस त्यांच्याकडं गेलाच आसंल की, तुमचं नाव न घेता."

"गेला आसंल," मी म्हणालो.

* * *

मी गावात परत आलो तेव्हा उत्तमराव सायकलवर फाट्यापर्यंत घ्यायला आले. पैज संपून इतके महिने झाले तरी त्यांनी सायकल सोडली नव्हती. बाकीच्यांनीही सोडली नव्हती. शिंप्यानं तर धोतर सोडून पायजमा शिवला होता. उत्तमराव वाळले होते. गालाची हाडं वर आली होती.

"बघा," ते पोटावर हात फिरवत म्हणाले, "सायकलनं सगळं झडून गेलं. शिंप्यानं दोनदा सदरे आत घेतले."

सोबत आलेला शिंपी म्हणाला, "डॉक्टरच्या बापाला जमणार न्हाई आसं झालं. ह्यांना बघून माझ्या सासऱ्यानं सायकल घेतली."

गावात सगळे तेच म्हणत होते. वाळलेला माणूस बघून सगळे खूश होते, पैजेचं नाव काढत होते. मला तो वाळण्याचा प्रकार ओळखता येत होता, मी तो दवाखान्यात खाटाखाटांवर बघितला होता.

"काय किसनराव, खरं का न्हाई?" उत्तमरावांनी मला विचारलं.

"खरं हाय," मी म्हणालो. "सायकलचंच."

पावसाळ्यात त्यांनी दुकानात रक्त ओकलं. जालन्याला नेलं. एक फुप्फुस जवळजवळ गेलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले म्हणे, सहा महिने आधी आला असतात तर इतकं झालं नसतं.

* * *

त्यांनाही नावं विचारली. त्यांनी पहिलं नाव माझं सांगितलं. "किसनराव रोज माझ्यासंगं असतात. आधी त्यांना बघा. आत्ताच टायफाईडमधून उठलेत." दवाखान्याचा माणूस माझ्या दारात आला. मी गेलो. नवे डॉक्टर होते. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "तुम्हाला होऊन गेलाय. वळ दिसतोय. ज्यांनी तुमचं नाव दिलं त्या पेशंटला माहीत आहे?"

मी म्हणालो, "हो."

उत्तमरावांच्या आईनं कारण शोधून ठेवलं होतं. त्यांची सून, उत्तमरावांची बायको सुभद्रावहिनी, घनसावंगीकडची. वहिनींच्या भावाला लग्नाआधी कधीतरी हा आजार झाला होता. तो बरा होऊन किती वर्षं झाली हे कोणी मोजलं नाही. म्हातारी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "माहेराहून आणलं. माझ्या पोराच्या ताटात कालवलं." आधी वहिनींना चुलीपासून उठवलं. मग भाऊ येऊन त्यांना माहेरी घेऊन गेला. फोटोत वहिनींना काही निघालं नव्हतं. म्हातारी म्हणाली, फोटोला काय कळतं.

उत्तमरावांना दवाखान्यातून आणल्यावर मळ्यातल्या खोलीत ठेवलं. मी रोज पोस्टातून येताना तिथं जातो. पहिल्या दिवशी मी खाटेजवळ बसायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं आणि धोतराचा सोगा तोंडाला लावला.

"तिकडं बसा, दाराशी. माझ्यापायी तुम्हाला नको."

मी दाराशी बसलो. ते बोलता बोलता दम घेत होते. "चुलतभाऊ येत न्हाईत. तलाठी एकदा येऊन गेले, उभ्या उभ्या. तुम्हीच एक रोज येता, किसनराव. तुम्हाला भ्या वाटत न्हाई."

मी दाराशी पडलेला त्यांचा जोडा सरळ करून ठेवला.

मग म्हणाले, "सुभद्रा न्हाई, घर बंद पडल्यासारखं झालं. मायला म्हणलं, तिच्यामुळं न्हाई झालं. माय म्हणती, मंग कोणामुळं झालं ते सांग. मला काय माहीत कोणामुळं झालं?"

त्यांनी ते मला विचारलं नव्हतं. छताकडं बघून म्हणाले होते. मी दाराच्या चौकटीला धरून बसलो होतो. बाहेर त्यांचा गडी मोट बंद करून बैल सोडत होता. मी म्हणालो, "औषध सोडू नका." ते म्हणाले, "न्हाई सोडत." मग मी उठलो.

* * *

उत्तमराव जगतील असं डॉक्टर म्हणतात. चढावर सायकल मात्र त्यांना आता कधी चालवता येणार नाही. सुभद्रावहिनींना माहेरी जाऊन दोन दिवाळ्या झाल्या.

हे छापून आलं आणि कोणी त्यांना वाचून दाखवलं, तर ते मी सांगितलं असं होणार नाही. म्हातारीला वाचता येत नाही, आणि ओट्यावर बसून ती जे सांगते ते गाव ऐकतं. मला त्या ओट्यावर दिवसाउजेडी जायचं आहे, चुलतभाऊ असतील तरी. म्हातारीला, आणि मग मळ्यात उत्तमरावांना, सांगायचं आहे की हा आजार ह्या घरात मी आणला, मला बाभळीमागंच कळलं होतं, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी उत्तमरावांचं नाव दाबलं. मग घनसावंगीच्या गाडीत बसून सुभद्रावहिनींना त्यांच्या दारात हेच सांगायचं आहे. एवढं मी देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.